तीन वाटा, एक वाचक

गेल्या पावसाळ्यात मी काही कथा-कादंबऱ्या ओळीने वाचल्या. ओळीने म्हणजे एकामागून एक, एवढाच अर्थ. त्यांच्यात कोणताही क्रम नव्हता. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन', गुंजीकरांचे 'मोचनगड', हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो', काशीबाई कानिटकरांचे 'पालखीचा गोंडा', रणजित देसाईंची 'स्वामी', अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा', बाबूराव अर्नाळकरांच्या मिळतील तेवढ्या रहस्यकथा, नारायण धारपांची 'लुचाई' आणि जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह. यांतली काही पुस्तके मी पूर्वी शिकवली होती, काही पूर्वी लपवून वाचली होती. शिकवलेली कोणती आणि लपवलेली कोणती, हे या लेखाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

या वाचनामागे एक जुनी टोचणी होती. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे प्रबंधाचा विषय घेऊन आली होती. तिला मराठी रहस्यकथेवर काम करायचे होते. मी तिला, आज आठवले तरी संकोच वाटावा अशा समजूतदार स्वरात, 'जरा भक्कम विषय' निवडण्याचा सल्ला दिला. तिने तो मानला, ग्रामीण कादंबरीवर चांगला प्रबंध लिहिला, पदवी मिळवली. तक्रार कोणाचीच नव्हती. प्रश्न माझ्याकडेच राहिला. भक्कम आणि ठिसूळ यांच्यामधली ती रेघ मी कुठून उचलली होती? ती साहित्याच्या अंगची होती, की कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने आखलेली होती?

कारणे शोधायची तर आरंभाकडे जावे लागते, आणि तिथे पहिलीच गंमत भेटते ती नावाची. एकोणिसाव्या शतकात या प्रकाराला 'नावल' असेही म्हणत. रूढ झाले ते 'कादंबरी' हे नाव. हे नाव बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकथेचे आणि तिच्या नायिकेचे. जन्मजन्मांतरे ओलांडणारे प्रेम, शाप, बोलका पोपट, गंधर्वकन्या अशा सामग्रीने भरलेली ती कथा. ज्या प्रकाराकडून आपण पुढे वास्तवाची अपेक्षा करू लागलो, त्याचे नावच आपण एका अद्भुतकथेवरून ठेवले. नाव ठेवणाऱ्यांना यात विसंगती वाटली नसावी. ती आपल्याला वाटते, कारण मधल्या काळात आपली अभिरुची घडली आहे.

आरंभीच्या पंधरा वर्षांत तीन पुस्तके आली. १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन', १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आणि १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचे 'मोचनगड'. पहिले सामाजिक, दुसरे अद्भुतरम्य, तिसरे ऐतिहासिक. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रेरणांची मीमांसा करताना या तीन पुस्तकांच्या नावांनीच तीन प्रवृत्ती सांगितल्या, आणि साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्या परीक्षेत लिहिल्या आहेत. या मांडणीने आपल्या समीक्षेला एक नैतिक कणा दिला, यात शंका नाही. रंजनाच्या नावाखाली चाललेल्या पुष्कळ पोकळ लेखनाला त्यामुळे जाब विचारता आला. पण वर्गात शिकवता शिकवता या तीन वाटा आमच्या हातून तीन इयत्ता होऊन बसल्या. पहिली वाट प्रतिष्ठेची, तिसरी शंकास्पद, आणि दुसरी तर वेळ घालवण्याची. या वाचनात मला प्रथमच जाणवले, की पुस्तके स्वतः या वाटांवरून इतक्या शिस्तीने चालत नाहीत.

'यमुनापर्यटन'च घ्या. हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा घोषित हेतू. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकतात. पुढे विनायकाचा मृत्यू होतो, विधवा झालेली यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा विवाह करते. पदमनजी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते, आणि पुस्तकाच्या शेवटावर धर्मप्रचाराची छाया आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. वाचक म्हणून मला शेवट घाईचा आणि सोयीचा वाटला. पण मधला भाग वाचताना मी थबकलो. प्रवासात माणूस भेटतो, तो आपली कथा सांगतो, पुढच्या मुक्कामी दुसरा भेटतो, त्याची दुसरी कथा: ही रचना आपल्या जुन्या कथापरंपरेला अगदी जवळची आहे. पदमनजींनी समाजाचे दुःख सांगण्यासाठी गोष्टीवेल्हाळ माणसाचे जुनेच साधन हाती घेतले. वास्तवाची वाट आपल्याकडे सुरू झाली ती कथेच्या ओढीवर स्वार होऊन.

'मुक्तामाला'विषयी प्रांजळपणे सांगायचे तर ती मला याही वेळी नेटाने वाचता आली नाही. संकटांची रास, योगायोगांची माळ आणि अखेर सद्गुणांचा विजय. मात्र या पठडीची बाजू समजून घ्यायची असेल, तर नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेकडे पाहावे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात, विशेषतः आपल्या विवाहपद्धतीमुळे, मनाला गुंतवील असे काही घडतच नाही. तेव्हा रंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय घेण्यावाचून गत्यंतर नाही. या विधानाला आपण सहज हसतो. पण त्यात एक खरीखुरी अडचण सांगितली आहे. ज्या समाजात मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी वडीलधारी ठरवतात, तिथे प्रेम, निवड, मनाची घालमेल यांवर उभी राहणारी कादंबरी लिहायची कशी? रिसबुडांना सामग्री दिसली नाही, हा त्यांच्या दृष्टीचा दोष खरा. पण प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या आपल्या निबंधात नावल व नाटक यांची चिकित्सा केली, तेव्हा अशा असंभाव्य कथानकांवरचा आक्षेपही मराठीत नोंदला गेला. रेघ आखायला सुरुवात झाली ती या सुमारास.

रिसबुडांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते सुमारे दोन तपांनंतर, आणि कोणत्या जागी मिळाले हे पाहण्यासारखे आहे. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी एक साप्ताहिक काढले. त्याचे नाव 'करमणूक'. 'पण लक्षात कोण घेतो' प्रथम त्यातून क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. आपल्या सामाजिक वास्तववादाचा मानदंड करमणुकीच्या पानांवर, हप्त्याहप्त्याने, पुढे काय होणार या उत्कंठेवर वाढला.

या वेळी वाचताना मी मुद्दाम हप्त्यांचे सांधे शोधत गेलो. हरिभाऊंनी काय केले? रिसबुडांना जिथे काहीच घडताना दिसत नव्हते, तिथेच, म्हणजे बालविवाह झालेल्या मुलीच्या माजघरात, त्यांनी दिवा नेला. यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. तिचे सासर, तिचे लिहिणेवाचणे, पतीबरोबरचे थोडके सुखाचे दिवस, आणि त्यांवर सतत पडलेली शंकरमामंजींची सावली. हे शंकरमामंजी मला या वेळी भयकथेतल्या पात्रासारखे वाटले. ते खोलीत आले की वाचकाच्या पोटात गोळा येतो. पतीच्या मृत्यूनंतर यमूवर केशवपनाचा जो बलात्कार होतो, त्याची भीती कादंबरीभर मुरलेली असते, म्हणूनच तो प्रसंग सहन होत नाही. ही सगळी योजना उत्कंठेच्या तंत्राची आहे. हरिभाऊंनी ते तंत्र रंजनाकडून घेतले आणि अशा जागी वापरले, की वाचकाने पुढचा अंक उघडावा तो करमणुकीसाठी आणि मिटावा तो अपराधी होऊन. यमू हे यमुनेचेच घरगुती रूप. १८५७ च्या यमुनेला प्रवास आणि नवा धर्म तरी मिळाला, या यमुनेला माजघराबाहेरचे दारही मिळाले नाही. दोन पुस्तके लागोपाठ वाचली तर छत्तीस वर्षांत मराठी कादंबरी किती खोल उतरली, ते कळते.

याच हरिभाऊंनी 'म्हैसूरचा वाघ' आणि 'उषःकाल' लिहून तिसरी वाटही तुडवली. एकाच लेखकाला एकाच काळात दोन वाटांवर पाहिल्यावर आपण कोणत्या हरिभाऊंना खरे मानायचे?

हरिभाऊंच्या स्नेही काशीबाई कानिटकर यांचे 'पालखीचा गोंडा' (१९२८) हे या वाचनातले मला सर्वांत अनपेक्षित पुस्तक ठरले. फसवणुकीने एका मतिमंद राजपुत्राशी विवाह लावून दिलेली तरुणी हताश न होता राज्याचा कारभार हाती घेते आणि स्त्रियांना त्या कारभारात स्थान देते, अशी ही कल्पित संस्थानाची कथा. रूप पाहिले तर अद्भुतरम्य: संस्थान, राजवाडा, रेवती नावाची कर्तबगार राणी. आशय पाहिला तर त्या काळातील सामाजिक कादंबऱ्यांच्या पुढे चार पावले. वास्तवाला चिकटून राहिल्यास यमूच्या वाट्याला शोकच येतो; स्त्रीच्या हाती सत्ता आली तर काय होईल, हे विचारायचे तर काशीबाईंना वास्तवाबाहेरच पाऊल टाकावे लागले. जे अजून घडलेले नाही ते सांगण्यासाठी अद्भुत लागते. कथनाच्या दृष्टीने पुस्तक सैल आहे, चर्चा लांबतात. तरीही प्रवृत्तींच्या कोष्टकात ते नेमके कुठे बसवायचे हे मला ठरवता आले नाही, आणि इतकी वर्षे ते माझ्या अध्यापनातून निसटले ते बहुधा याचमुळे.

आता इतिहासाची वाट. 'मोचनगड' गुंजीकरांच्या 'विविधज्ञानविस्तारा'तून आले. शिवकाळ त्यात पार्श्वभूमीला आहे. पुढे उभी आहेत ती कल्पित माणसे. ही जुनी कादंबरी वाचून लगेच 'स्वामी' (१९६२) हाती घेतली आणि वाटेचे वळण स्पष्ट दिसले. मधल्या नव्वद वर्षांत इतिहासातली सामान्य माणसे मागे सरली आणि थोर व्यक्ती पुढे आली. 'स्वामी'ची भाषा आजही भुरळ घालते. माधवराव-रमाबाईंचे सहजीवन वाचताना मी पुन्हा हळवा झालो, हे कबूल करतो. पण पुस्तक मिटल्यावर उरते ते एका तरुण पेशव्याचे आजारपण आणि एका पत्नीची निष्ठा. पानिपतानंतरचे कर्जबाजारी राज्य सावरणे म्हणजे काय, सारा कोणी भरला, फौज कशी पोसली, हे त्या हळवेपणात विरघळून जाते. आणि हे विरघळणे वाचकाला हवेच असते, हा माझा स्वतःवरचाही आरोप आहे.

म्हणूनच त्यापाठोपाठ नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वाचणे फार उद्बोधक ठरले. इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत एका वेगळ्याच जगात जाऊन पडतात, जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळीतून वाचलेले असतात आणि युद्ध मराठ्यांनी जिंकलेले असते. पानिपत हा मराठी मनाचा हळवा कोपरा. तिथे 'असे झाले असते तर' हा प्रश्न घरोघरी उसासा टाकत विचारला जातो. नारळीकरांनी उसासा काढून टाकला आणि प्रश्न ठेवला. एका गोळीच्या अंतराने इतिहास बदलतो, तर तो अटळ कसा? शास्त्रज्ञाने लिहिलेली ही छोटी कथा मला इतिहासाविषयी अनेक जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांपेक्षा अधिक गंभीर वाटते. तिची भाषा साधी, कित्येकदा सपाट आहे. पात्रे विचार वाहून नेण्यापुरती आहेत. तरी वाचून झाल्यावर मी बराच वेळ तारखांकडे वेगळ्या नजरेने पाहत होतो.

नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा १९७४ च्या सुमारास मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, कारण नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. टोपणनावापासून अध्यक्षपदापर्यंतचे हे अंतर एका लेखकाचे आहेच, पण एका साहित्यप्रकाराचेही आहे. मात्र त्या सन्मानात शास्त्रज्ञाच्या प्रतिष्ठेचा वाटा किती आणि विज्ञानकथेचा किती, असा प्रश्न मनात येतोच. कारण अर्नाळकर आणि धारप यांच्या वाट्याला तसे काही आले नाही.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे एका पिढीच्या तोंडी होती. त्या कथांची भलामण करायला मी बसलेलो नाही. चार-पाच लागोपाठ वाचल्या की साचा दिसू लागतो. स्त्रीपात्रे बहुधा सुंदर आणि संकटात असतात. अखेरचा उलगडा पुष्कळदा ताणलेला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात पूर्वी आली नव्हती. या कथांत मुंबई आहे. मोटारी, टेलिफोन, हॉटेले, रात्रीचे रस्ते, कोण कोणाचा हे ठाऊक नसलेली गर्दी. अनोळखी माणसांच्या शहरात राहायचे म्हणजे काय, याची भीती आणि मौज या पातळ पुस्तकांनी गिरणगावापासून तालुक्याच्या एस. टी. स्थानकापर्यंत पोहोचवली. नव्याने अक्षरओळख झालेल्या किती जणांचे पहिले अखंड वाचन अर्नाळकरांचे असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

धारपांवरचा नेहमीचा आक्षेप रूपांतराचा. 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे, हे खरेच. पण हा आक्षेप घेताना आपण सोयीस्कर विसरतो, की नाथमाधवांच्या 'वीरधवल'मागे रेनॉल्ड्स होता आणि हरिभाऊंच्या 'म्हैसूरचा वाघ'मागे मेडोज टेलर. रूपांतर हा आपल्या कादंबरीच्या सर्वच वाटांचा इतिहास आहे. एकाच वाटेला त्याचा दंड का? पाहायचे ते हे, की परके बीज इथल्या मातीत रुजले की नाही. धारपांच्या चांगल्या लेखनात ते रुजते. जुना वाडा, बंद खोली, घराण्याने पिढ्यान्पिढ्या सांभाळलेले पाप ही सामग्री आपली आहे. २०१८ मध्ये आलेल्या 'तुंबाड' या चित्रपटाला धारपांच्या कथांची प्रेरणा आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले. ग्रंथालयात जी दोन पुस्तके आपण कधी शेजारी ठेवली नसती, ती पडद्यावर एकत्र नांदली.

शेवटी 'फकिरा' (१९५९). अण्णा भाऊंनी डॉ. आंबेडकरांना अर्पण केलेली ही कादंबरी मी नेहमी विद्रोहाची म्हणून शिकवली. या वेळी ती अर्नाळकरांनंतर लगेच वाचली आणि तिचा वेग जाणवला. घोडदौड, पाठलाग, दुष्काळात उपाशी माणसांसाठी घातलेला दरोडा, इंग्रजी खजिन्याची लूट, आणि अखेर आपल्या माणसांसाठी शरण जाणारा नायक. ही साहसकथाच आहे, पोवाड्याच्या तालावर रचलेली. ती ऐतिहासिक आहे, सामाजिक आहे, रंजक तर आहेच. तिन्ही वाटांनी तिला आपले म्हणावे किंवा तिन्हींनी तिच्यापुढे हात टेकावेत. ज्यांना ही कथा आपली वाटली, त्यांच्या दृष्टीने थरार हा आशयाहून वेगळा नव्हताच. मान वर करून जगणे हाच थरार होता.

मग सगळेच सारखे का? मुळीच नाही. माझे मत एवढेच झाले आहे, की पुस्तकाचा प्रकार पाहून त्याची इयत्ता ठरवता येत नाही. प्रत्येक प्रकार वाचकाला एक वचन देतो. रहस्यकथा उलगड्याचे, भयकथा भीतीचे, ऐतिहासिक कादंबरी गतकाळाच्या भेटीचे. ते वचन पाळता पाळता पुस्तक आपल्याला आणखी कुठे नेऊन सोडते, हे पाहावे. हरिभाऊंनी करमणुकीचे वचन पाळले आणि केशवपनाच्या खोलीत नेऊन सोडले. पुष्कळ रहस्यकथा वचन पाळतात आणि तिथेच थांबतात. पुष्कळ 'गंभीर' कादंबऱ्या तर वचनच देत नाहीत, आणि त्यालाच आपण गांभीर्य समजतो.

आखलेल्या रेघेची किंमत मात्र मतभेदापुरती राहत नाही. जे साहित्य मानले गेले नाही ते जपलेही गेले नाही. अर्नाळकरांची पुस्तके स्वस्त कागदावर छापली जात, भाड्याच्या वाचनालयांतून फाटेस्तोवर फिरत. ती वाचनालये पुष्कळ ठिकाणी बंद पडली, पुस्तके रद्दीत गेली. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी ती बहुधा घेतलीच नव्हती, कारण तिथे निवड करणारे माझ्यासारखेच होते. या वाचनासाठी हवी ती पुस्तके शोधताना 'यमुनापर्यटन' मला सहज मिळाले. त्याहून शंभर वर्षे तरुण असलेल्या रहस्यकथा मिळता मिळेनात. मराठी माणूस विसाव्या शतकाच्या मध्याला खरोखर काय वाचत होता, हे उद्या कोणी लिहायला बसला तर त्याच्यापुढे प्रबंध असतील, पुस्तके नसतील.

त्या विद्यार्थिनीला मी अलीकडे पत्र पाठवले. ती आता स्वतः शिकवते. उत्तरात तिने एक यादी जोडली होती: मधल्या वर्षांत रद्दीच्या दुकानांतून तिने जमवलेल्या रहस्यकथांची, मुखपृष्ठ आहे किंवा नाही अशा नोंदींसह. माझ्या सल्ल्याचा तिने उल्लेखही केला नव्हता. यादीत जी पुस्तके नव्हती, त्यांपैकी एक माझ्या कपाटात, इतर पुस्तकांच्या मागच्या रांगेत, कव्हर घालून ठेवलेले आहे. ते तिला पाठवतो आहे. कव्हर काढून.